पत, पासवर्ड आणि माझी भाची

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाकडची मंडळी विचारतात, "मुलगी काय करते?" शिक्षिका आहे, नर्स आहे, बँकेत आहे, असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न पगाराचा असतो. पण मुलगी घरात बसून संगणकावर काम करत असेल, तर आपल्या घरांत उत्तर ठरलेले आहे : "घरीच असते. कॉम्प्युटरवर काहीतरी करते." या 'काहीतरी'विषयी मला आज लिहायचे आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गेली पाच वर्षे हे 'काहीतरी' करते आहे. बीसीए झाली, टाळेबंदीच्या काळात नोकरी मिळेना, तेव्हा घरच्या घरी शिकत शिकत या कामात आली. लहान दुकानदारांना, कारागिरांना ती वेबसाइट बनवून देते. दुकानाचे बोधचिन्ह, पाटी, पिशवी, पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे चित्र या सगळ्यांचे एक रूप ठरवून देते. या दुसऱ्या कामाला ब्रँडिंग म्हणतात. ती कोणाच्या नोकरीत नाही. काम आले तर पैसे, नाही आले तर नाही. शिकलेली मुले याला फ्रीलान्स म्हणतात. आपल्या साध्या भाषेत, ती अंगावर काम घेते.

मी मिरजेत उर्दू आणि मराठी शिकवते. बहिणीचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. दोन्ही भाषांतला मजकूर भाची मला तपासायला देते, त्यामुळे हे काम कसे चालते ते मला जवळून पाहता आले. पाहून माझे एक मत झाले आहे. हे काम आधी विश्वासाचे आहे, मग चित्रांचे आणि रंगांचे.

'ब्रँड' या शब्दाचा अर्थ मला माझ्या विद्यार्थिनींना सांगायचा झाला तर मी 'पत' हा शब्द सांगेन. उर्दूत त्याला साख म्हणतात. पत वेबसाइटने तयार होत नाही. ती दुकानदाराच्या वडिलांनी, आजोबांनी वजनकाट्यावर आणि दिलेल्या शब्दावर कमावलेली असते. वेबसाइट बनवणारा माणूस ती पत गल्लीच्या बाहेर, दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचवतो. मूळ माल खोटा असेल तर कितीही सुंदर पान बनवा, पहिल्या पार्सलबरोबर सगळे उघडे पडते.

भाचीचे पहिले मोठे काम आमच्या मिरजेचेच होते, एका तंबोरा बनवणाऱ्या घराचे. मिरज म्हणजे सतार आणि तंबोऱ्याचे गाव, हे बाहेरच्या वाचकांनाही ठाऊक असेल. एकेकाळी शस्त्रांना धार आणि झिलई देणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्ये बनवू लागले आणि पुढे त्यांची घराणीच सतारमेकर म्हणून ओळखली जाऊ लागली. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. उरुसात त्यांच्या आठवणीने होणाऱ्या मैफिलीत देशभरचे कलावंत येतात. इतके सगळे असूनही या घरातला तंबोरा विकला जायचा तो ओळखीवर. एखादा गायक आला, त्याने दुसऱ्याला सांगितले, असे.

भाची त्यांच्याकडे गेली तेव्हा मला वाटले, दहा-वीस फोटो काढेल आणि परत येईल. ती दोन दिवस नुसती बसून राहिली. कारागीर काय करतात, गिऱ्हाईक काय विचारते, फोन आला की काय बोलणे होते, ते वहीत लिहून आणले. वही मी पाहिली. पंढरपूरकडच्या भागातून भोपळे येतात, ते कसे वाळवतात, कोणता निवडतात. बायकी तंबोरा आणि पुरुषी तंबोरा यांत आकाराचा आणि पट्टीचा फरक काय. काळी चारला लागणारा तंबोरा काळी एकच्या गवयाला का चालत नाही. फोनवर प्रत्येक जण हेच विचारत होता आणि घरातले म्हातारे चाचा प्रत्येकाला तेच दहा-दहा मिनिटे सांगत होते.

"खाला," ती म्हणाली, "वेबसाइट म्हणजे चाचांचे हे बोलणे एकदा नीट लिहून ठेवणे. एवढेच आहे."

मग तिने आणखी एक गोष्ट केली. तंबोऱ्याचा जीव त्याच्या जवारीत असतो. घोडीचा वरचा भाग कानसीने इतका नाजूक घासतात की तार छेडली की स्वर भरून, गुंजत राहतो. हे फोटोत कसे दिसणार? म्हणून तिने प्रत्येक तंबोऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा आवाज मुद्रित करून पानावर ठेवला. त्याच्या शेजारी पट्टी, लांबी, किंमत. खाली पार्सलची माहिती : भोपळा नाजूक असतो, पेटी कशी बांधून जाते, वाटेत तडा गेला तर खर्च कोणी सोसायचा. हे शेवटचे वाक्य लिहायला चाचा तयार नव्हते. "असे लिहिले तर गिऱ्हाईक घाबरेल," म्हणाले. भाची म्हणाली, "चाचा, गिऱ्हाईक आधीच घाबरलेले आहे. लिहिले नाही तर विचारणारसुद्धा नाही, नुसते निघून जाईल." वाक्य पानावर आले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावात आनंद झाला. चाचांच्या नातवाने लगेच सांगितले, मानांकनाचे चिन्ह वेबसाइटवर सगळ्यात वर लाव. भाचीने कायदा वाचला. मानांकन गावातल्या सगळ्या कारागिरांचे मिळून असते, पण ते आपल्या मालावर लावायचे तर प्रत्येकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. ती म्हणाली, "आधी अर्ज करा, नोंद झाली की मी चिन्ह लावते. पैसे घेणार नाही त्याचे." नातू थोडा नाराज झाला. पण तोपर्यंत पानावर एवढेच लिहिले गेले की हे वाद्य मिरजेत, आमच्या हाताने बनते. तेही खरे होते आणि पुरेसे होते.

दुसरे काम एका लॉजचे. मिरज दवाखान्यांचे गाव आहे, रेल्वेचे जंक्शन आहे. कर्नाटकातून कितीतरी रुग्ण इथे येतात, त्यांच्यासोबत नातेवाईक येतात आणि आठ-आठ दिवस राहतात. लॉजमालकाला हवे होते फिरते फोटो, कारंजे, चमकणारी अक्षरे. भाचीने त्यांना विचारले, रात्री दोनच्या गाडीने उतरलेला माणूस फोनवर तुमचे पान उघडतो, त्याच्या मनात काय असते? खोली किती रुपये, आत्ता मिळेल का, दवाखाना चालत किती लांब, पेशंटसाठी पेज करायला गॅस मिळेल का, जिना चढावा लागेल का. ही पाच उत्तरे तिने मराठीत आणि कन्नडमध्ये पहिल्याच पडद्यावर घातली, खाली फोन नंबरचे मोठे बटण. कन्नड मजकूर तिने यंत्राकडून करून घेतला नाही. कन्नड शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एका शेजारणीकडून लिहून घेतला आणि त्याचे तिला पैसे दिले.

फोटोंबद्दल मलाही नवीन माहिती मिळाली. आजच्या फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे पानावर टाकले तर गावाकडच्या कमी रेंजमध्ये ते पान उघडतच नाही. माणूस पाच-सात सेकंद वाट पाहतो आणि दुसरीकडे जातो. प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत आणायचा आणि तरी तो चांगला दिसला पाहिजे, यातच तिची एखादी संध्याकाळ जाते. मालकाला हे काम दिसत नाही. पान पटकन उघडते, एवढेच त्याला दिसते.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट सांगते. निकाहच्या पत्रिका छापणाऱ्या एका प्रेसचे काम आले. मजकूर उर्दू, मराठी आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांत हवा होता. प्रेसवाल्यांकडे वर्षानुवर्षांचा मजकूर संगणकात होता, उर्दू इनपेजमध्ये आणि मराठी जुन्या फाँटमध्ये. त्यांना वाटत होते, उचलून चिकटवले की झाले. चिकटवल्यावर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी आली. जुने फाँट आपापल्या पद्धतीने अक्षरे साठवत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्यामुळे बराच मजकूर पुन्हा टाइप करावा लागला आणि तो तपासायला माझ्याकडे आला.

उर्दूचा पहिला प्रश्न लिपीच्या वळणाचा. आपल्या डोळ्यांना नस्तालीकची सवय. शब्द वरून खाली उतरत जातो, ते रूप आपल्या मनात बसलेले आहे. वेबसाइटवर काहीच ठरवून दिले नाही तर उर्दू बहुधा नस्ख वळणात उमटते, अरबी वर्तमानपत्रासारखी. वाचता येते, पण निकाहच्या पत्रिकेवर ती परकी वाटते. २०१४ पासून नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत मिळतो, तो तिने वापरला. पण नस्तालीकला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत शिरतात. शिवाय पान उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे बटणे, बाण, चित्रांची जागा सगळेच उलटे करावे लागते. दुसरी अडचण तर दिसतही नव्हती. अरबी काफ आणि उर्दू काफ वाचणाऱ्याला एकच, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. एखाद्याने अरबी कळफलकावर टाइप केलेले असेल तर शोधणाऱ्याला तो शब्द सापडत नाही. आम्ही दोघींनी दोन रविवार हेच केले.

मराठीतही तसेच. 'तंबोऱ्याचा' हा शब्द घ्या. चुकीच्या पद्धतीने टाइप केला की 'तंबोर्याचा' होतो. आडवा र जाऊन डोक्यावर रफार येतो आणि उच्चारच बदलतो. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक मी पाचवीच्या मुलांना शिकवते. चाचांच्या वेबसाइटवरही तो शब्द आधी चुकीचाच उमटला होता. मराठी ल आणि श यांची वळणेही हिंदीपेक्षा वेगळी. पान मराठीचे आहे असे आतल्या संकेतात नोंदवले की काही फाँट आपले मराठी वळण दाखवतात. हे कोणाला कळते, असे तुम्ही म्हणाल. वाचणाऱ्याला नेमके सांगता येत नाही, पण काहीतरी आपल्या घरचे नाही एवढे त्याला जाणवते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. छोट्या दुकानदारांनी तो नीट वाचावा.

वेबसाइटला पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात. तो विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतो. साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि दरवर्षी मुदत वाढवावी लागते. मुदत संपली की काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. आता प्रश्न असा की हा पत्ता कोणाच्या नावावर नोंदवला आहे? कितीतरी ठिकाणी तो वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर असतो. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, फोन बदलला, की दुकानदाराची पाटी हवेत. आमच्या ओळखीच्या एका मसालेवाल्यांचे असेच झाले. सात वर्षे पिशव्यांवर छापलेला पत्ता एके दिवशी उघडेना. मुदत कोणी भरायची होती हेच कोणाला माहीत नव्हते. शेवटी नवा पत्ता घ्यावा लागला आणि छापलेल्या पिशव्या रद्दीत गेल्या.

भाचीचा नियम पहिल्या दिवसापासून आहे : डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या पैशाने. पासवर्ड एका कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करून ती त्यांच्या हातात देते आणि सांगते, "हे दुकानाच्या किल्लीसारखे आहे. तिजोरीत ठेवा." काम चालू असेपर्यंत ती किल्ली तिच्याकडेही असते. ती तिला अमानत म्हणते. मी तिला हा शब्द शिकवला नाही, तिचा तिनेच वापरला.

या अमानतीची एकदा परीक्षा झाली. बाहेरगावच्या एका फर्निचरच्या दुकानाचे काम होते, अठरा हजारांत ठरलेले. निम्मे आगाऊ मिळाले. वेबसाइट सुरू झाली, दुकानाला तिच्यावरून चौकशा येऊ लागल्या, पण उरलेले नऊ हजार येईनात. आज देतो, उद्या देतो, हिशेबनीस रजेवर आहे. सात महिने गेले. घरात चर्चा झाली. माझा मुलगा म्हणाला, "आपा, पासवर्ड तुझ्याकडे आहे ना? बंद करून टाक वेबसाइट. दुसऱ्या दिवशी पैसे येतील." या धंद्यात असे करणारे पुष्कळ आहेत. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दुल्हाभाई, म्हणाले, "सोडून दे. मुलीच्या जातीने वसुलीला जायचे नाही."

तिने दोन्ही ऐकले नाही. म्हणाली, "त्यांची उधारी वेगळी आणि त्यांची किल्ली वेगळी. किल्ली मी वापरणार नाही. पण पैसे माझे आहेत, ते मागणार." तिने तारीखवार पत्र लिहिले : कोणत्या दिवशी काय ठरले, काय दिले, किती बाकी. सोबत ठरावाच्या कागदाची प्रत जोडली, ज्यावर दुकानदाराची सही होती. साडेचार हजार आले. उरलेले साडेचार आजवर आलेले नाहीत.

माझा मुलगा अजून म्हणतो, बंदच करायला हवी होती. मला तसे वाटत नाही. त्या दुकानात चार सुतार काम करतात, चौकशा बंद झाल्या असत्या तर आधी त्यांच्या रोजीला धक्का बसला असता. पण भाचीच्या बाजूचे म्हणणेही इथे स्पष्ट लिहिते. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वीट वाहणाऱ्याचा घाम दिसतो, संगणकापुढे बसलेल्या मुलीचा दिसत नाही, म्हणून तिची मजुरी उधार ठेवायची का? आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा हुकूम कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आला आहे. आपण ती आयत वाचतो आणि व्यवहार मात्र तोंडी करतो. "आपल्यातच लिहायचे काय?" असे म्हणतो. लिहायचे ते आपल्यातच, म्हणजे आपले आपलेच राहतात.

त्या अनुभवानंतर तिने कामाचे तीन हप्ते केले. सुरुवातीला एक, नमुना पसंत झाल्यावर दुसरा, वेबसाइट लोकांसाठी खुली होण्याआधी तिसरा. पाने किती, बदल किती वेळा करून मिळतील, त्यापुढच्या बदलाचे किती, मजकूर आणि फोटो कोणी द्यायचे, दरवर्षीचा खर्च कोणाचा, हे सगळे एका पानावर मराठीत लिहिलेले असते. "जरा एवढेच बदल" असे म्हणत म्हणत काम दुप्पट होण्याचा प्रकार त्यामुळे थांबला. तिने 'उद्यम' नोंदणीही केली. २०२० मध्ये सुरू झालेली ही सरकारी नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवता येत नाहीत, असे २००६चा कायदा सांगतो. घरून शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या भगिनींनाही हे माहीत असलेले बरे.

खोट्याचा मोह ग्राहकाकडूनही येतो. घरून बुरखे आणि दुपट्टे विकणारी एक भगिनी तिच्याकडे आली. म्हणाली, दहा ग्राहकांचे कौतुकाचे अभिप्राय तूच लिहून टाक, नावे कोणतीही घाल. शिवाय 'फक्त दोनच शिल्लक' अशी पाटी सतत झळकत ठेव. भाचीने सांगितले, "बाजी, मला जमणार नाही. पण तुमच्या खऱ्या ग्राहकांना आपण विचारू." दहा जणींना निरोप गेले, तिघींनी उत्तर पाठवले. एकीने लिहिले की कापड चांगले आहे पण बाह्या थोड्या आखूड निघाल्या, त्या बदलून मिळाल्या. भाचीने तेही तसेच ठेवले. त्या भगिनीला सुरुवातीला ते खुपले. पुढे तिनेच सांगितले की नवीन बायका फोनवर तेच विचारतात : "बदलून देता ना?"

बाहेर अशी पत जमत असताना घरात मात्र वेगळे चालले होते. दार उघडे, मुलगी घरात, म्हणजे ती मोकळी. जरा दूध बघ, पाहुणे आलेत चहा टाक, धाकट्याला क्लासला सोड. ग्राहकाशी बोलणे चालू असताना मिक्सर सुरू. दुल्हाभाई एस.टी.त वाहक होते. महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार घेऊन येणारा माणूस. त्यांना या कामाची चिंता वाटायची. एका महिन्यात तीस हजार, पुढच्या दोन महिन्यांत शून्य, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. "आठ हजार का असेनात, बांधील पगाराची नोकरी धर," ते म्हणत. त्यांची चिंता खोटी नव्हती. भाचीने त्यावर वाद घातला नाही. जमाखर्चाची वही सुरू केली. आलेल्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला टाकू लागली. वर्षाअखेर वही वडिलांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एक एक पान पाहिले, तिकिटांचा हिशेब तपासावा तसे. काही बोलले नाहीत.

त्याच सुमारास एक स्थळ आले होते. घर चांगले, मुलगा चांगला. अट एकच : लग्नानंतर हे संगणकाचे बंद करायचे, गरज नाही. भाची म्हणाली, "काम कमी करीन, बंद करणार नाही. माझ्याकडे लोकांच्या किल्ल्या आहेत." बोलणी तिथेच थांबली. माझी बहीण त्या रात्री रडली. मीही तिच्याजवळ बसून होते. मुलीचे वय सव्वीस, समाज बोलतो, हे सगळे मला कळत होते. पण भाची चुकली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तिचा निकाह इन्शाअल्लाह होईल. मेहनतीने कमावलेली ही पत सोबत घेऊनच ती त्या घरात जावी, एवढीच माझी दुआ आहे.

घरात बदल झाला तो हळूहळू. बहिणीने माडीवरची खोली रिकामी करून दिली. सकाळी दहा ते दोन त्या खोलीत कोणी जात नाही. मागच्या महिन्यात दुपारी पाहुणे आले आणि भाचीला हाक मारू लागले, तर दुल्हाभाईंनीच सांगितले, "थांबा, तिचे काम चालू आहे. दोन वाजता येईल खाली." आणि उठून स्वतः पाण्याचे ग्लास आणले.

हे सगळे लिहिण्याचा हेतू भाचीचे कौतुक करणे एवढाच नाही. माझ्या शाळेत दहावी होणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणींना घरातून बाहेर नोकरीला पाठवले जाणार नाही, हे मला दिसते. त्यांच्यासाठी हा एक दरवाजा आहे. पण त्यातून आत जायला संगणकाआधी भाषा यावी लागते. दोन-तीन भाषांत शुद्ध लिहिणे, समोरच्याचे नीट ऐकणे, ठरलेले लिहून ठेवणे, हिशेब चोख ठेवणे. हे शाळेत शिकवता येते आणि आम्ही शिकवतो. मुलींनी 'शुद्धलेखनाचा काय उपयोग' असे विचारले की मी आता त्यांना तंबोऱ्याच्या वेबसाइटवरचा तो आडवा र दाखवते.

आईवडिलांना विनंती आहे : मुलगी घरात बसून काम करत असेल तर तिच्या कामाची वेळ ठरवून द्या आणि ती पाळा. दार वाजवून आत जा. कोणी विचारले तर 'काहीतरी करते' असे म्हणू नका, कामाचे नाव सांगा.

आणि दुकानदार बंधूंनो, तुमची वेबसाइट असेल तर आज रात्री दुकान बंद केल्यावर तीन गोष्टी पाहा. तुमचा पत्ता कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते आणि पासवर्ड तुमच्याकडे आहे का. नसेल तर ज्याने वेबसाइट बनवली त्याला फोन करा आणि आपली किल्ली मागून घ्या. त्याचे काही पैसे बाकी असतील, तर मात्र तो फोन करण्याआधी ते पाठवून द्या.